भांड्यांच्या खोलीतली अकरावी

९ जानेवारी

आज पेपर आधी माझ्या हातात पडला. हे अंघोळीला गेले होते. आतल्या पानावर बातमी: अनुदानित शाळांमध्ये अकरावी-बारावीच्या जागा वाढवण्याचा सरकारचा विचार. जिथे दहावीपर्यंतच वर्ग आहेत तिथे पुढचे दोन सुरू करायचे, शिक्षकांचा पगार सरकार देणार, फी सरकारी शाळेइतकी. मथळा मोठा, तपशील लहान. 'विचार आहे' एवढ्यावर मी अख्खी नोकरी काढली, तेव्हा फार हुरळून जायचं कारण नाही.

तरी कात्रीने कापून ठेवली. आपल्या शाळेत मी विज्ञान शिकवलं ते दहावीपर्यंत. दहावीच्या पुढे पोरं कुठे जातात, काय होतात, हे कुतूहल निवृत्त झाल्यावरही सुटलेलं नाही.

हे बाहेर आले तो पेपरला खिडकी. मागच्या बाजूला शब्दकोडं होतं म्हणे. दुपारपर्यंत धुसफूस.

११ जानेवारी

वरच्या मजल्यावरची स्नेहा पुस्तक घेऊन आली. आरशाचे प्रश्न. तिला पाठ केलेलं आवडत नाही, सारखं काहून-काहून विचारत राहते. मला अशीच पोरं आवडतात, पण वर्गात कमी भेटली.

दहावीनंतर काय, विचारलं. "नागपूर. आत्याकडे." एखादी बस कुठे जाते ते सांगावं तसं सांगितलं.

यात नवल काही नाही. जबलपुरातल्या आपल्या मराठी लोकांची रीतच आहे ती. दहावी झाली की पोर नागपूरला. कोणाचा मामा, कोणाची आत्या, कोणाची तरी एक खोली असतेच. मुलगे शिकून येतात. मुलींचं मी वेगळं पाहिलंय. त्या शिकतात, आणि वरून त्या घरचा स्वयंपाकही.

म्हटलं, आत्या काय करतात तुझ्या? तर डब्यांचा धंदा. कॉलेजच्या पोरांना डबे पोचवतात. पोळ्या कोण लाटतं? "आता एक बाई आहे काकू. मी गेल्यावर नाही ठेवणार म्हणून राहिली आत्या."

पुढे आम्ही दोघी आरशाकडे वळलो. माझं लक्ष नव्हतं.

१६ जानेवारी

हेडमिस्ट्रेस तिवारी मॅडमचा फोन. (यापुढे ति.मॅ.) बातमी खरी. आपल्या शाळेलाही पत्र आलंय. अकरावीला विज्ञान मिळू शकतं, अटी दोन: प्रयोगशाळेला एक मोठी खोली, नळ आणि मोरीसकट, आणि मुलं पाठवायला तयार असलेले पालक पुरेसे हवेत. मी शाळेत गेले. दोघींनी मिळून खोल्या पाहिल्या. दोन्ही पाळ्यांत सगळ्या भरलेल्या, स्टाफरूममध्ये सुद्धा चौथीचा वर्ग.

शेवटी आवारात उभ्या राहिलो. समोर आपल्या मराठी मंडळाचा हॉल. शाळा मंडळाची, हॉल मंडळाचा, आणि हॉलच्या मागे एक प्रशस्त खोली, नळ आहे, मोरी आहे, दोन खिडक्या आहेत. ति.मॅ. म्हणाल्या, वो कमरा किसका है? मला हसूच आलं. म्हटलं, उसकी चाबी मेरे घर में है, पर मेरे पास नहीं.

ती भांड्यांची खोली. आणि चावी यांच्या कमरेला.

१७ जानेवारी

चहाच्या वेळी सांगितलं. चुकलंच. चहा पूर्ण होऊ द्यायला हवा होता.

"काहून? अख्ख्या शाळेत दुसरी खोली नाही का?"

भांड्यांची खोली म्हणजे यांचा संसार, मी नंतर. लग्न, बारसं, तेरवी, आपल्या माणसांकडे काही असलं की भांडी मंडळाची. कढया, भाताचे गंज, पराती, झारे. एकेकावर नाव कोरलेलं, कोणाच्या तरी स्मरणार्थ दिलेलं. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून हे तिथले मालक. न्यायला येणाऱ्याला यांचा एकच प्रश्न, "परत कधी?" एकदा मांडवात नवरीच्या बापाला विचारलं होतं. तो बिचारा रडत होता, त्याला वाटलं मुलीबद्दल विचारतायत.

रात्री जेवताना मीठ मागायचं तेही भिंतीकडे बघून मागितलं.

२४ जानेवारी

मंडळाची बैठक. अध्यक्षांनी ठराव मांडला की अकरावी सुरू झालीच पाहिजे. एकमताने मंजूर. मग ठराव की भांडी हलता कामा नयेत. तोही एकमताने मंजूर. मग सामोसे आले.

सामोसा हातात असताना मला सुचलं. प्रत्येक भांड्यावर नाव आहे ना, मग ज्याचं नाव त्याच्या घरी परत पोचवू. घरच्यांना आजोबांची आठवण मिळेल, आपल्याला खोली. सगळ्यांना पसंत. अध्यक्ष म्हणाले, ठोंबरे बाईंनीच करावं हे काम. मी हो म्हटलं. स्वतःवर फार खूष होते.

हे घरी येताना एवढंच बोलले, "जा तू. जाऊन पाह्य."

२ फेब्रुवारी, रविवार

भांडी घेऊन ऑटोने निघाले. पहिलं घर ओमतीतलं, कापडाचं दुकान. गल्ल्यावर नातू. मी परात पुढे केली, वर त्याच्या आजोबांचं नाव. त्याने हात जोडले, परातीला नमस्कार केला, आणि म्हणाला, "काकू, घेऊन जा ही."

मला कळेना. "आजोबांच्या नावाने दिलेलं दान आहे. ते घरात परत घेऊ? आई मला घराबाहेर काढेल."

दुसरीकडे तेच. तिसरीकडे म्हातारीने तर गंज पाहून दाराची कडी लावून घेतली, आतून विचारलं, कोण गेलं?

एवढी वर्षं या माणसांत काढली. माझ्या आईच्या नावाने दान दिलेली साडी मी परत घेतली असती का? नसतीच. डोकं शाळेच्या कपाटात ठेवून गेले होते. ऑटोवाल्या भैयाने येताना विचारलं, माताजी, बर्तन कोई ले नहीं रहा, ख़राब हैं क्या?

हे फाटकात उभे होते. भांडी उतरवून घेतली, मोजली, काही बोलले नाहीत. ते न बोलणं फार चविष्ट लागलं असावं त्यांना.

९ फेब्रुवारी

तरी आज पुन्हा गेले, हातात भांडं न घेता. कारण त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली होती. खोली रिकामी काहून करून राहिले, हे प्रत्येक घरी विचारलं. मग अकरावीचं सांगावं लागलं. मग घरातल्या पोरांचा विषय निघालाच.

काय काय कळलं. एकाचा मुलगा नागपूरला मामाकडे राहून परत आला, मामीशी पटलं नाही, आता दुकानात बसतो. एकीची मुलगी आठवडाभर रडली आणि मग सवय झाली. राइट टाउनातली एक सून तोंड उघडून बोलली नाही सासूपुढे, पण फाटकापर्यंत मागे आली आणि हळूच विचारलं, "साइंस मिलेगी न दीदी? पक्का?" मी पक्कं म्हणू शकले नाही. म्हटलं मीटिंगला या.

पक्कं नाही म्हटल्यावर तिचा चेहरा जसा झाला तो मी वर्गात खूपदा पाहिलाय.

२७ फेब्रुवारी

स्नेहाची परीक्षा सुरू. दही-साखर द्यायला वर गेले तर तिच्या आईने, वंदनाने, आधीच दिलेली. मी पण दिली. पोरगी म्हणाली, दोनदा खाल्लं तर दुप्पट मार्क का? हिचं काहून परीक्षेच्या दिवशी सुद्धा संपत नाही.

८ मार्च

पालकांची मीटिंग. मला वाटलं होतं चार डोकी येतील. हॉल भरला. राइट टाउनची सून आली, सासूला घेऊन! मराठीच नाही, शाळेत आता हिंदी घरांतलीच मुलं जास्त, ते सगळे आले. ति.मॅ. नी छान समजावलं. सह्या झाल्या. दुसरी अट सुटली म्हणायची.

स्नेहाचा बाप सुनील मागे उभा होता, खमरियाच्या फॅक्टरीतून थेट, हातात हेल्मेट. सही केली नाही. घरी जिन्यावर गाठलं मी त्याला. मला वाटलं टाळेल. पण नीट थांबला.

"काकू, पोरीला दूर पाठवायची मला हौस नाही. पण तुमची अकरावी अजून कागदावर आहे. ताईची खोली विटांची आहे."

म्हटलं, आणि पोळ्या? त्याने मान खाली घातली. त्याला माहीत आहे सगळं. इथल्या प्रायव्हेट शाळांची फी त्याने विचारून पाहिलीय, आणि सरकारी शाळेत विज्ञानाच्या जागा आधीच भरतात. म्हणाला, जूनपर्यंत थांबतो, तिथल्या ॲडमिशनची तारीख येईपर्यंत. तोवर शाळा निघाली तर पोरगी इथेच.

म्हणजे आता सगळं त्या खोलीवर. खोली भांड्यांवर. आणि भांडी...

२३ मार्च

वंदना माझी वाटी परत द्यायला आली. रिकामी वाटी ती कधी आणत नाही, आज आत शेंगदाण्याची चटणी. बसली. बोलता बोलता १४ एप्रिलचा विषय. विहारात त्या दिवशी मोठं जेवण असतं, गल्लीभर माणसं. टेंट हाउसची भांडी भाड्याने आणतात, लग्नसराई असली की तीही मिळत नाहीत, मिळाली तर जळकी.

मी म्हटलं, अगं मग मंडळाची काहून नेत नाही? खोली फुटायला आली आहे भांड्यांनी.

हसली. "कधी मागितली नाही ना काकू."

"कोणी नाही म्हटलं होतं का?"

"नाही. कोणाला नाही म्हणावं लागू नये, म्हणून मागितली नाही."

अगदी साधेपणाने म्हणाली. वाटी ओट्यावर ठेवली आणि गेली. आमच्या डोक्यावर इतकी वर्षं राहतात ही माणसं. वाट्या येतात, वाट्या जातात. मोठ्या भांड्यांचं कधी माझ्या मनातच आलं नाही. मला फार लाज वाटली.

२४ मार्च

यांना जसंच्या तसं सांगितलं, वंदनाचं वाक्य.

मग सुनीलच्या वडिलांबद्दल बोलायला लागले. वामनराव. खमरियाला दोघे एकाच सेक्शनला होते, रोज डबा एकत्र उघडायचे, वामनरावांच्या डब्यातली भाजी यांना माझ्या भाजीपेक्षा जास्त आवडायची, हे मला आज कळलं.

"पण वामननं मला कधी गंज मागितला नाही."

म्हटलं, तुम्ही तरी कधी विचारलं, लागतो का म्हणून?

उठून झाडांना पाणी घालायला गेले. सकाळीच घातलं होतं.

संध्याकाळी चहा पूर्ण झाल्यावर (आता मी शिकले) स्वतःहून म्हणाले, "दान परत घेता येत नाही, बरोबर आहे. पण उसनं तर देता येते ना? उसनं देऊनच राहिलो आहे मी आजपर्यंत."

आणि उसनं दिलेलं भांडं कधी परत मागायचं, हे तर यांच्याच हातात; तोवर खोली रिकामी. मी एवढी शिकलेली, घरोघर ऑटो फिरवली, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. सांगितलं मात्र नाही त्यांना. चढून बसतील.

३० मार्च

बैठक. यांनी सांगितलं, भांडी चौदा तारखेला विहारात जातील. अध्यक्ष म्हणाले, रीत नाही, भांडी सभासदांसाठी आहेत. दुसरे एक म्हणाले, आज यांना, उद्या कोणाला?

मी बोलणार होते. पण यांनीच सुरू केलं, आणि हा माणूस बैठकीत सामोशाशिवाय तोंड उघडत नाही. म्हणाले, "भांडी कोणाला द्यायची हे आजपर्यंत मीच ठरवत आलो. आताही मीच ठरवून राहिलो. पटत नसेल तर ही चावी घ्या, पण मग तेरवीच्या पहाटे पाच वाजता दार कोण उघडणार तेही आत्ताच सांगा."

चावी टेबलावर. कोणी हात लावला नाही. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला, हॉलच्या पंख्यांचा.

रात्री शिरा केला.

१२ एप्रिल

सुनील आणि त्याचे मित्र लोडिंग ऑटो घेऊन आले. दिवसभर खणखणाट. दारात हे उभे, एकेक भांडं डोळ्यांखालून घालतायत. गंज, पराती, झारे, बादल्या. खोली जसजशी रिकामी होत गेली तसतशा खिडक्या मोठ्या दिसायला लागल्या. केवढा उजेड आहे तिथे! मी मनात टेबलं मांडून टाकली, इथे सूक्ष्मदर्शक, तिथे बेसिन.

सगळ्यात मोठी कढई मात्र दारातून निघेना. आडवी केली, तिरकी केली. ही आत गेली कशी? यांनी आठवून सांगितलं, आधी कढई आली, मग जुनं दार काढून नवं अरुंद बसवलं. तिच्यावर यांच्या वडिलांचं नाव. राहिली ती.

शेवटी सुनील पुढे येऊन उभा राहिला, यांच्या प्रश्नाची वाट पाहत. हे चावी हातात फिरवत राहिले. मग तोच म्हणाला, "सांगा ना काका, परत कधी पाहिजे?"

"पाहू. घाई नाही."

मी लग्न होऊन आल्यापासून यांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं.

१४ एप्रिल

विहारात जेवायला गेलो, दोघंही. हे तिथे पहिल्यांदा. मी सुद्धा. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. उन्हात रांग, पण मांडव घातलेला, निळ्या पताका, पोरांची धावपळ. स्नेहा वाढत होती, आमच्या पानात बुंदी दोनदा.

हे जेवण सोडून आधी आचाऱ्याकडे गेले, तो गंजाचा तळ खरवडून राहिला का ते पाहायला. खरवडत नव्हता. भांडी अशी घासली होती की कोरलेली नावं लांबून वाचता यावीत. मी फिरून सगळी वाचली. कोण कोण माणसं! कैलासवासी अमुक, सौभाग्यवती तमुक, गावं वर्ध्याची, अमरावतीची, भंडाऱ्याची. कोणती हौस घेऊन आली असतील इथे इतक्या लांब? खोलीत अंधारात कधी वाचलीच नव्हती.

ओमतीचा तो कापडवाला नातू आला होता. आजोबांच्या परातीत बुंदी. त्याने मोबाइलवर फोटो काढला, आईला पाठवला असावा. जेवून गेला.

अध्यक्ष आले नाहीत.

२२ एप्रिल

तपासणी. शिक्षण विभागाच्या एक बाई आल्या, वयाने तरुण, चष्मा, कपाळावर घाम. खोलीला चुना दिलेला, शाळेची टेबलं मांडलेली, मी काचेची भांडी माझ्या जुन्या कपाटातून आणून ठेवलेली. आणि कोपऱ्यात कढई, वर चादर.

बाईंनी चादर उचलली. "ये क्या है?"

ति.मॅ. माझ्याकडे पाहतायत, मी छताकडे. हेच म्हणाले, "मैडम, ये दरवाज़े से बड़ी है. पहले ये आई, बाद में दरवाज़ा." बाई हसल्या. वाकून नाव वाचलं, अर्थ विचारला. यांनी सांगितलं, पिताजी.

मग मुलींकडे वळल्या. स्नेहाला विचारलं, यहाँ पढ़ोगी? सगळ्या मुलींना ति.मॅ. नी पढवून ठेवलं होतं, जी मैडम म्हणा. स्नेहा म्हणाली, "खुलेगा तो पढ़ूँगी. नहीं खुला तो नागपुर जाना पड़ेगा."

बाईंचं पेन थांबलं. मग काहीतरी लिहिलं. जन्मभर पोरांच्या वह्या उलट्या बाजूने वाचल्या, म्हणून मी इथेही प्रयत्न केला. अक्षर डॉक्टरचं. काही कळलं नाही.

जाताना म्हणाल्या, कमरा अच्छा है, रोशनी अच्छी है. फ़ाइल भोपाल जाएगी. यातलं कोणतं वाक्य महत्त्वाचं, याच्यावर आम्ही तिघांनी संध्याकाळपर्यंत वाद घातला.

७ मे

निकाल! स्नेहाला फर्स्ट डिव्हिजन, विज्ञानात सगळ्यात जास्त. माझी अब्रू राखली. वंदना रडली, मी पेढे वाटले, यांनी जिन्यात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं जसं काही यांनीच शिकवलं.

सुनीलने पेढा खाल्ला आणि ताईला फोन लावला. मी खाली ऐकत होते. ऐकू नये, पण जिना बोलतो तर काय करणार. "हो ताई. जूनमध्ये. हो, आधी तारीख कळव."

१८ मे, रविवार

मजा. गेल्या दहा दिवसांत घडलेलं, आज लिहिते: अध्यक्षांच्या नातवाची मुंज. भांडी हवीत! यांनी अगदी शांतपणे सांगितलं, ती तर विहारात आहेत, तिथे विचारा. अध्यक्ष लाल. मग आले, आमच्याच घरी, आमचाच जिना चढून वर गेले. सुनीलने बसवलं, वंदनाने सरबत दिलं. सगळं देतो म्हणाला, आमची पोरं आणून पोचवतील. मग विचारलं, "परत कधी?"

मी खाली होते, पण स्वयंपाकघरात जाऊन हसून आले. हे हसले नाहीत. मान डोलावून म्हणाले, बरोबर विचारलं पोरानं.

अध्यक्षांनी तारीख दिली. आणि खरंच त्या तारखेला पोचवली, घासून. आत केळीच्या पानात बुंदीचे लाडू होते, वंदनाने दाखवले. रिकामं भांडं परत करायचं नसतं, एवढं त्यांनाही ठाऊक आहे.

३ जून

ति.मॅ. चा फोन. पहिल्या टप्प्यातल्या शाळांची नावं निघाली. आपलं नाही. नाकारलेल्यांतही नाही. विचाराधीन. दुसरा टप्पा येणार आहे म्हणतात, कधी ते कोणी सांगत नाही. पुन्हा विचार आहे, म्हणजे जानेवारीत होतो तिथेच.

नाही, तिथेच नाही. खोली रिकामी आहे. मी आज जाऊन बघून आले. कढईत कोणीतरी झाडू ठेवलाय, तो काढला.

राइट टाउनच्या सुनेचाही फोन. पक्का? तिला पुन्हा तेच उत्तर दिलं, माझाच राग आला मला.

९ जून

नागपूरची ॲडमिशन या आठवड्यात. सुनील खाली आला, उभ्यानेच बोलला. म्हणाला, "काकू, तुमची चूक नाही. मी जून म्हटलं होतं, जून आला. तिकडची सीट गेली तर इकडेही नाही, तिकडेही नाही. तुमच्या शाळेचं पत्र आलं तर मी स्वतः जाऊन घेऊन येतो तिला. शब्द आहे."

त्याच्या जागी मीही हेच केलं असतं. पण जीव तुटतो. मला त्या न पाहिलेल्या आत्याचा राग येतो, तीही बिचारी डबे करून पोट भरते, तरी येतो.

१२ जून

उद्या पहाटेची बस. स्नेहा निरोप घ्यायला आली. पाया पडली, पडू दिलं नाही तरी पडली. मी तिच्यासाठी डबा भरून ठेवला होता, शंकरपाळे, आणि डबा माझा लग्नातला, झाकणावर माझं नाव कोरलेलं. म्हटलं, राहू दे तुझ्याकडेच, माझी आठवण.

डबा हातात घेऊन नाव वाचलं. मग म्हणाली, "नाही काकू. तसा नको. उसना द्या."

"काहून ग?"

"दिलेलं परत घेत नाहीत ना तुम्ही लोक. उसनं परत आणावं लागते."

हे आतून आले, चष्मा पुसत. डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "परत कधी?"

"अकरावी निघाली की, काका."

"बारावी नाही, अकरावीच. लक्षात ठेवतो मी."

वंदनाने वरून हाक मारली, सामान बांधायचं राहिलं होतं. गेली. डबा छातीशी धरून जिना चढली. मग हे मला म्हणाले, तिवारी मॅडमला विचार, त्या फाइलमागे भोपाळला जायचं असलं तर सकाळी कोणती गाडी आहे.